चंदी, चारा आणि दया

दया ही बहुधा देणाऱ्याच्या सोयीने चालते. आपल्याला जे द्यायला आवडते, जे देताना चारचौघांत बरे दिसते, ते आपण देतो. घेणाऱ्याला काय हवे आहे ते विचारायचे राहून जाते. माणसांच्या बाबतीत हा घोटाळा फार दिवस लपत नाही. पाहुण्याला चौथा लाडू वाढू लागलो तर तो ताटावर हात आडवा धरतो. मूल भोकाड पसरते. घरातली वडीलधारी माणसे तर बोलून दाखवायला कमी करीतच नाहीत. पण ज्याला हात आडवा धरता येत नाही, रडता येत नाही आणि बोलता तर मुळीच येत नाही, अशा जिवावर आपण दया करू लागलो म्हणजे काय होते? या प्रश्नाचे एक उत्तर घोड्याच्या जठरात सापडते, असे मी म्हटले तर वाचक हसतील. समोर फराळाचे ताट असताना जठराच्या व्रणांचा विषय काढणे शोभत नाही, हेही मला कळते. परंतु चकली-अनारशांच्या या दिवसांत आपल्याही घरातल्या औषधांच्या डब्यात पित्ताच्या गोळ्या असतातच. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

मी पशुवैद्य नव्हे. मराठी शाळेत मुलांना शुद्धलेखन शिकवणारा मास्तर, आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा. एका कादंबरीत पेशवाईतली पागा आणायची होती. ठाण, तोबरा, खरारा, अगाडी-पिछाडी हे शब्द कोशात मिळाले. पण घोडा दिवसभर करतो काय, हे कोशात कुठून मिळणार? म्हणून घोड्यांच्या एका डॉक्टरांकडे जाऊन बसू लागलो. ते सांगत गेले, वाचायला कागद देत गेले. कादंबरी मागेच राहिली आणि हा एक विषय मात्र मनाला चिकटून बसला.

मोकळ्या रानातला घोडा २४ तासांपैकी १६ ते १८ तास चरत असतो. दोन पावले टाकावीत, चार घास घ्यावेत, मान वर करून इकडेतिकडे पाहावे आणि पुन्हा मान खाली घालावी, हा त्याचा रात्रंदिवस उद्योग. ही खादाडी नव्हे. त्याच्या शरीराची घडणच तशी आहे. एवढ्या थोराड जनावराचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरांचे असते, आणि त्यात आम्ल अखंड झिरपत असते, पोटात घास असो वा नसो. या आम्लावर उतारा म्हणून निसर्गाने लाळ दिली. तिच्यात सोड्यासारखा क्षार असतो, तो आम्लाची धार मारतो. परंतु आपल्या तोंडाला जसे कैरीच्या नुसत्या आठवणीने पाणी सुटते, तसे घोड्याचे नाही. तो चघळील तरच लाळ सुटेल. जबडा थांबला की लाळ थांबली. पोटभर चघळायला मिळाले तर दिवसाकाठी ३५-४० लिटर लाळ त्याच्या पोटात जाते. शिवाय चघळलेल्या गवताचा एक जाड थर जठरात तरंगत राहतो आणि खालचे आम्ल वर उसळू देत नाही.

हे वर-खाली प्रकरण महत्त्वाचे आहे. घोड्याच्या जठराचा खालचा भाग आम्ल निर्माण करतो आणि स्वतःवर बुळबुळीत लेप घेऊन त्यापासून आपला बचावही करतो. वरचा भाग मात्र अन्ननलिकेसारख्या साध्या अस्तराचा. त्याला तो लेप नाही. गवत असेतोवर त्याला लेपाची गरजही पडत नाही. त्या बिचाऱ्याला कधी रिकामे राहावे लागेल, अशी निसर्गाची कल्पनाच नसावी.

ती वेळ आपण आणली. सकाळी सहाला दाणा, संध्याकाळी सहाला दाणा, मधे थोडा चारा, आणि बाकीचा वेळ चार भिंतींत उभे राहायचे, हे वेळापत्रक माणसाचे आहे. आम्ही मास्तर मंडळी वेळापत्रकाची भक्त खरी; पण घंटेबरोबर मुलाची भूक लागत नाही हे निदान आम्हाला डबे उघडताना दिसते तरी. एक किलो वाळले गवत खायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात आणि तो साडेतीन हजारांच्या आसपास वेळा जबडा हलवतो. तोच एक किलो दाणा दहा मिनिटांत फस्त होतो आणि जबडा हजारभरदेखील हलत नाही. म्हणजे अन्न मिळाले, ताकद मिळाली, पण लाळ मिळाली नाही. उलट दाण्यातले पिष्ट जठरात आंबून आम्लात आणखी भर टाकते. मग या अर्ध्या रिकाम्या पोटाने त्याला पळवायचे. पळताना पोटाचे स्नायू आवळतात, जठर दाबले जाते आणि खालचे आम्ल वरच्या उघड्या अस्तरावर चढते. दिवसामागून दिवस हे झाले की तिथे चट्टे पडतात, चट्ट्यांचे व्रण होतात. अमेरिकेत एका संशोधकाने घोड्यांना एक दिवस चारा, एक दिवस उपास असे आठवडाभर ठेवून पाहिले. एवढ्याने व्रण पडले. आपण काही करून विष घालायला नको. नुसते काही न घालणे पुरते.

जगभरच्या शर्यतींच्या तबेल्यांत दुर्बिणीने घोड्यांची जठरे पाहिली गेली, तेव्हा सरावातल्या शंभर घोड्यांपैकी ऐंशी-नव्वदांना हे व्रण असल्याचे वारंवार आढळले. या घोड्यांची किंमत लाखांत, कधी कोटींत. त्यांच्या अंगावरून दिवसातून दोनदा खरारा फिरतो, पायांना पट्ट्या असतात, माश्या हाकलायला माणूस असतो. म्हणजे हाल होतात ते हेळसांड झालेल्याच जनावरांचे, हा आपला समज इथे टिकत नाही. कुरणातल्या घोड्यालाही हा रोग होतो, नाही असे नाही. पण प्रमाण कमी. खालच्या भागातल्या व्रणांची गोष्ट आणखी निराळी आहे. २०१५ साली युरोपातल्या अश्ववैद्यांनी एकत्र बसून हे दोन वेगळे रोग मानावेत असे ठरवले. खालच्या व्रणांचा संबंध चाऱ्यापेक्षा मनाच्या ताणाशी आणि विश्रांतीच्या अभावाशी अधिक असावा असे दिसते. फिनलंडमधल्या एका पाहणीत तर ज्या घोड्यांना हाताळणारी माणसे पुष्कळ, त्यांच्यात हा रोग जास्त आढळला. एका वर्षात तीन वर्गशिक्षक बदललेल्या मुलांची तोंडे मी पाहिली आहेत. त्यामुळे मला यात नवल वाटले नाही.

दाण्याचा मान आपल्याकडे जुना आहे. चारा कुणीही टाकतो. चंदी मिळते ती घरच्या, लाडक्या, कामाच्या घोड्याला. दक्षिणेतल्या कुळिथाला इंग्रजांनी घोड्याचेच नाव देऊन टाकले, इतका तो त्यांना तोबऱ्यात दिसला असावा. 'घोडे खाई भाडे' ही म्हण त्या चंदीच्या खर्चातून निघाली; गवताच्या पेंढीने भाडे खाल्ले असे कुणी म्हणत नाही. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याच्या तोंडात मूठभर हरभरे आणि गुळाचा खडा द्यायचा, यात प्रेम नाही असे कोण म्हणेल? मूठभराने बिघडतही नाही काही. बिघडते ते, प्रेम मोजायला आपण दाणा हेच माप धरतो तेव्हा.

तरी जुन्या पागांतल्या जाणत्यांना चाऱ्याची किंमत कळत होती. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांची घोडी चिपळूणच्या बाजूस हलवर्णच्या मुक्कामी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये या बोधासाठी ते नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या पत्रात आधी हिशेब आहे तो दाण्याचा आणि गवताचा. आज मनाला येईल तसे उधळाल, तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारलीत असे होईल, अशा अर्थाची ताकीद त्यात आहे. मला यातली जबाबदारीची समज फार मोलाची वाटते. घोडे भुकेने मेले तर ते दैवाने नव्हे, साथीने नव्हे. पावसाळ्याच्या कितीतरी आधी ज्याने कोठी नीट सांभाळली नाही त्याने मारले. अपराध मरणाच्या दिवशी घडत नाही. तो गवत वाटण्याच्या दिवशी घडतो.

आता एका वाईट खोडीबद्दल. काही घोडे ठाणाची कड किंवा गव्हाणीची फळी दातांत धरतात, मान ताणतात आणि घशातून हवा ओढून घेतल्यासारखा आवाज काढतात. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकाबाहेर टांगे उभे असत. त्यांत एक भुरा घोडा होता, तो टांग्याची दांडी अशीच चावत असे. टांगेवाले त्याला 'लाकूडखाऊ' म्हणत आणि त्याची किंमत कमी धरीत. अशा घोड्यांच्या गळ्याला घट्ट पट्टा बांधण्याची रीत जगभर आहे. पट्टा आवळला की मान ताणता येत नाही आणि खोड थांबते. निदान दिसेनाशी होते. २००२ साली इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी ही खोड लागलेल्या शिंगरांची जठरे पाहिली. खोड नसलेल्या शिंगरांपेक्षा त्यांत दाह आणि व्रण अधिक होते, आणि आहारात आम्ल मारणारे क्षार मिसळल्यावर पुष्कळांचे लाकूड चावणे कमी झाले. सगळ्याच घोड्यांची खोड पोटामुळे असते असे यावरून ठरत नाही. एकदा लागलेली सवय पोट बरे झाल्यावरही टिकते. पण त्या भुऱ्याने फळी धरली ती दुर्गुण म्हणून की पोटातल्या आगीवर त्याला सुचला तो उपाय म्हणून, हे विचारायचे सोडून आपण गळा आवळला. खोगिराचा पट्टा ओढताना घोडी चावायला येते, तिला 'मारकी' म्हणतात. दाणा ठेवून गवताकडे वळणाऱ्याला 'नाठाळ' म्हणतात. शब्द माझ्या धंद्यातले असल्यामुळे मला हे अधिक लागते. आपण दुखण्याला दोषाचे नाव दिले की वैद्याला बोलावायचे कारणच उरत नाही; मग चाबूक पुरतो.

औषध आहे. चांगले आहे. १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घोड्यांसाठी ओमेप्रेझोलची पेस्ट मंजूर केली. होय, आपल्या डब्यातलेच ते ओमेप्रेझोल. परंतु माणसाची कॅप्सूल घोड्याला द्यायचा विचार कुणी करू नये. घोड्याचे प्रमाण किलोमागे ४ मिलिग्रॅम. ४५० किलोंच्या घोड्याला १८०० मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या २० मिलिग्रॅमच्या ९० कॅप्सुली, त्याही रोज, २८ दिवस! आणि औषध आम्लात नासू नये अशी त्याची बांधणी घोड्याच्या पोटाला धरून करावी लागते. ते वैद्याचे काम. या औषधाने वरच्या भागातले बहुतेक व्रण महिन्याभरात भरतात. खालचे त्यामानाने हट्टी. पण पुढचा भाग ऐका. जे घोडे तसेच कामावर, तशाच वेळापत्रकात ठेवून औषध बंद केले, त्यांतल्या बहुतेकांचे व्रण परत आले.

औषधाच्या जोडीला पुरकांचा बाजार आहे. पेक्टिन आणि लेसिथिन, समुद्री शेवाळातला कॅल्शियम, मक्याचे तेल, आपल्या लडाखात होणारे सीबकथॉर्नचे नारिंगी फळ, अशी किती नावे सांगावीत! सुंदर डबे, त्यावर चौखूर उधळणारा घोडा. काही प्रयोगांत यांतल्या काहींचा थोडा गुण दिसला, काहींत मुळीच दिसला नाही. आम्ल मारणाऱ्या चूर्णांचा असर तास-दोन तासांत ओसरतो आणि आम्ल तर चोवीस तास झिरपते. डबा विकत घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. त्याला घोड्याबद्दल कळकळ आहे म्हणूनच तो पैसे मोडतो. फक्त डबा ही अशी वस्तू आहे की ती आणली म्हणजे आणणाऱ्याच्या मनाला लगेच बरे वाटते. घोड्याला बरे वाटेपर्यंत मग कुणी थांबून पाहत नाही.

त्यामानाने खरे उपाय फार साधे आणि दिसायला गबाळे आहेत. चाऱ्याविना सहा तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. दाणा लागतोच, तर तो एका वेळी थोडा द्यावा. शक्य तिथे लसूणघास द्यावा. त्यातला कॅल्शियम आणि प्रथिने आम्लाला आवर घालतात. खोगीर चढवण्याआधी अर्धा तास ओंजळ-दोन ओंजळी लसूणघासाची कुट्टी खाऊ घालावी, म्हणजे पळताना आम्ल उसळणार नाही. रात्रीसाठी बारीक छिद्रांच्या जाळीत गवत भरून टांगावे, म्हणजे ते हळूहळू पुरते. पाणी सतत समोर असावे. आठवड्यातले एकदोन दिवस काम नसावे. आणि सोबतीला दुसरा घोडा दिसावा.

आता मूळ प्रश्न. आपल्या सोयीच्या व्यवस्थेने एखाद्या जिवाला रोग होतो, आणि ती व्यवस्था तशीच ठेवून रोग दाबणारे औषध आपल्याजवळ आहे. तर ते औषध देणे ही दया की त्या व्यवस्थेचेच एक खोगीर? १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बेंथॅमने लिहून ठेवले की प्राण्यांबाबत, त्यांना विचार करता येतो का, बोलता येते का, हे विचारू नका. त्यांना यातना होतात का ते विचारा. तेवढ्याच कसोटीवर पाहिले तर औषधाने यातना थांबल्या, प्रश्न संपला. मला मात्र तो संपलेला वाटत नाही. औषध देऊ नये असे मुळीच नाही. आज ज्याच्या पोटात आग आहे त्याला तत्त्वज्ञान सांगत बसणे हा दुष्टपणा आहे. पण त्या २८ दिवसांत गव्हाणीत काही बदलले नाही, तर एकोणतिसाव्या दिवशी आपण घोड्याला नव्हे, स्वतःच्या वेळापत्रकाला बरे केलेले असते.

यावर कुणी म्हणेल, मग घोड्याला रानातच सोडा की! शर्यत नको, टांगा नको, पाठीवर बसणे नको. इतके टोक गाठायची माझी तयारी नाही. महाभारतात जयद्रथवधाच्या दिवशी सूर्यास्ताच्या आत प्रतिज्ञा पुरी व्हायची आहे, घटका-घटका मोलाची आहे, आणि ऐन रणात रथाचे घोडे थकतात. तिथे श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण स्वतः काढतो, त्यांना पाणी पाजतो, विश्रांती देतो, आणि मग पुन्हा जुंपतो. घोड्यांना युद्धातून सुटका त्यानेही दिली नाही. पण वेळ दिला, आणि तो स्वतःच्या कामातून काढून दिला. अर्जुनाजवळ तेव्हा वेळेखेरीज सगळे काही मुबलक होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या देण्याचे मोल कळते.

आजच्या घोडेवाल्यांची अडचणही हीच आहे. फक्त प्रत्येकाची टंचाई निराळी. माथेरानला मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तिथे घोड्यावर पोट असलेली कुटुंबे आहेत. हंगामातले चार दिवस हेच त्यांचे वर्ष. गिऱ्हाईक समोर उभे असताना 'अर्धा तास थांबा, घोडा गवत खातो आहे' असे कोण म्हणेल? आणि कुरणाचा उपदेश मी त्यांना करावा, ही गोष्ट घोडा नसलेल्या मास्तरालाच परवडते. तरी ओंजळभर कुट्टी डब्यापेक्षा स्वस्त पडते, आणि एक फेरी संपून दुसरी लागेपर्यंत जबडा चालू ठेवायला तेवढी पुरते. उलट मुंबईत महालक्ष्मीला १८८३ पासून शर्यतीचे मैदान आहे. तिथल्या मालकांना पैशाची अडचण असायचे कारण नाही, पण मुंबईच्या पोटात चरायला रान कुठून आणणार? तिथे जाळीतले गवतच रान व्हायला हवे.

आणि ती जाळी भरणार कोण? मालक नव्हे. मोतद्दार. घोड्याशेजारी झोपणारा, तो रात्री किती वेळा दात खातो हे ऐकणारा, तोबरा अर्धा टाकला हे सगळ्यांत आधी पाहणारा माणूस तोच. ठरवणारा मात्र निराळा. ज्यांच्याकडे मी बसत असे त्या डॉक्टरांनी एका मोठ्या तबेल्यातली हकिकत सांगितली. मालकांनी कुठले चूर्ण आणू म्हणून विचारले. डॉक्टरांनी उलट विचारले, "रात्री दहानंतर याच्यापुढे काय असते?" मालकांनी व्यवस्थापकाकडे पाहिले, व्यवस्थापकाने मोतद्दाराकडे.

"पाण्याची बादली असते, साहेब," तो म्हणाला. "गवत टाकले असते मी. पण कोठीची किल्ली सातला घरी जाते."

डॉक्टरांनी कागदावर औषधाच्या वर पहिली ओळ लिहिली: कोठीची किल्ली मोतद्दारापाशी ठेवावी. औषध त्याच संध्याकाळी आले. किल्लीचे अजून चालले आहे.